दस्तूर, डावा अंगठा आणि वकील

बरेच दिवस झाले, इथे काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही, पण जो विषय डोक्यात होता तो लिहावा की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "लिही गं, आबा काय आता वाचायला येणार आहेत?" म्हणून लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत शहाद्याला गेले होते. जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय, त्यामुळे माळ्यावरचं सामान खाली काढायचं काम चाललं होतं. पितळी घंगाळं, पाटा-वरवंटा, एक मोडका पाळणा आणि आबांची पत्र्याची पेटी. पेटीत लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या होत्या, रोजकिर्दीच्या. तारीख, काम, कोणाचं, किती मिळाले. आबांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे वाचायला काही अडचण आली नाही.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ते बॉण्डरायटर होते. सकाळी एका वकिलाकडे कारकुनी आणि दुपारी कचेरीच्या आवारात टेबल मांडून दस्त लिहायचे. खरेदीखत, साठेखत, गहाणखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, नाहीतर नुसता साधा अर्ज. दस्ताच्या शेवटी लिहून देणाऱ्याची सही, आणि सही येत नसेल तर 'निशाणी डावा अंगठा'. मग साक्षीदार. आणि अगदी खाली 'दस्तूर' म्हणून ज्याच्या हातचं ते लिखाण आहे त्याचं नाव. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी कागदांवर हे शेवटचं नाव आबांचं असणार.

वह्या चाळताना १९७६ सालच्या वहीशी अडखळले. पानामागून पान एकच नोंद. 'जमीन परत प्रकरण, जबाब लिहिला.' एरवी आठवड्याला दोन-तीन कामं असायची, इथे रोज चार-चार. आत्याला विचारलं, हे काय आहे? ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तेव्हा वकील बंद केले होते ना सरकारने. मग सगळे आबांकडे यायचे. आपल्या ओट्यावर रांग असायची."

वकील बंद केले होते?

मला खरंच कळलं नाही. आणीबाणीत पुष्कळ गोष्टी बंद होत्या, पण वकील? नाशिकला परतल्यावर शोधायला लागले आणि त्यातून जे हाती लागलं ते हे.

थोडं मागे जावं लागेल. नंदुरबार जिल्हा तसा नवा, १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी धुळे जिल्हा आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेश. पण या मुलखाचं वेगळेपण इंग्रजांच्या कागदांतही आहे. १९३६ साली त्यांनी देशभरातल्या आदिवासी भागांची एक यादी केली, 'अंशतः वगळलेले प्रदेश' नावाची. म्हणजे इथे प्रांताच्या विधिमंडळाचे कायदे आपोआप लागू व्हायचे नाहीत. त्या यादीत शहादा, नंदुरबार आणि तळोदा तालुके होते, नवापूर पेटा होता, अक्राणी महाल होता, आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर इथल्या मेवासी सरदारांची गावंही होती. आज काठीच्या राजवाडी होळीला पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात ना, तेच काठी.

कायद्याने वेगळं ठेवलं म्हणून सावकारापासून वेगळं राहता आलं असं मात्र झालं नाही. सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई प्रांतातल्या या वगळलेल्या भागांवर अहवाल दिला. त्यात कर्ज, वेठ आणि सावकाराच्या घशात जाणारी जमीन हेच मुख्य विषय आहेत. त्याच सुमाराला तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत होते आणि दारू सोडत होते. सावकाराचं कर्ज आणि दारूचा गुत्ता हे जोडदुकान असतं, हे त्यांना अहवालाशिवाय कळलं होतं.

कायदे नव्हते असंही नाही. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येऊ नये अशी तरतूद जुन्या जमीन महसूल कायद्यात होती आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम ३६ म्हणून आली. पण परवानगीही मिळवता येते, आणि परवानगी नको असेल तर कागद दुसऱ्या नावाने करता येतो. विक्री नाही, साठेखत आहे. साठेखत नाही, बारा वर्षांचा भाडेपट्टा आहे. गहाण आहे, मुदत संपली की आपोआप खरेदी. हे सगळे कागद कोणीतरी लिहायचं. शहाद्यात ते लिहिणाऱ्यांपैकी एक माझे आजोबा होते.

हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

पुढचा इतिहास आपल्याकडच्या मोठ्या माणसांना माहीत आहे, फार लांबवत नाही. तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीत बागायत वाढली, पंप आले, ऊस आला, आणि ज्यांची जमीन होती तेच तिच्यावर सालदार झाले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर बागायतदारांच्या बाजूने गोळीबार झाला, त्यात एक आदिवासी मारला गेला. अंबरसिंग महाराज तेव्हा सर्वोदयाचं काम करत होते. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला. पुण्या-मुंबईहून कुमार शिराळकरांसारखी तरुण शिकलेली मुलं आली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे तिथलेच, पुढे कवी म्हणून महाराष्ट्राला कळले. अंबरसिंग महाराज १९७४ मध्येच गेले.

सरकारही हललं होतं. १९७१ सालीच राज्याने एक समिती नेमून आदिवासींच्या जमिनींना असलेलं कायद्याचं संरक्षण कितपत चालतं ते पाहायला सांगितलं. त्यातून १९७४ चे बदल आले. ६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेत कलम ३६-अ घातलं गेलं आणि बिगर आदिवासीला जमीन देण्यावर कडक बंधन आलं. आणि पाठोपाठ 'महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबत अधिनियम' आला, १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळू शकेल. आदिवासीने अर्ज करावा, नाहीतर अधिकाऱ्याने आपणहून चौकशी सुरू करावी. व्यवहार त्या वेळी कायदेशीर झालेला असला तरी तो उलटवता येईल. आदिवासीने आकाराच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत हप्त्याने द्यायची. देशातल्या चांगल्या कायद्यांपैकी हा एक, असं मला वाटतं.

आणि याच कायद्यात मला आत्याचं ते वाक्य सापडलं. मागाहून जोडलेलं कलम ९-अ. या कायद्याखालच्या कोणत्याही कामात, कलेक्टर असो, कमिशनर असो की महसूल न्यायाधिकरण, कोणत्याही पक्षातर्फे वकिलाला उभं राहता येणार नाही.

म्हणजे वकील खरोखरच बंद केले होते.

कारण सरळ आहे आणि वाईट मुळीच नाही. बागायतदार धुळ्याहून, मुंबईहून मोठा वकील आणेल. धडगावच्या किंवा तळोद्याच्या डोंगरातला माणूस कोणाला आणणार? सुनावणी सुरू व्हायच्या आधीच संपलेली. मग दोघांचेही वकील काढून टाकू, म्हणजे दोघं समोरासमोर, आणि मधे अधिकारी. तराजूचं एक पारडं जड आहे ना, मग त्यातलं वजनच काढून घ्या.

तराजू समतोल करायचा दुसराही एक मार्ग असतो, हलक्या पारड्यात वजन घालायचा. म्हणजे गरिबाला वकील द्यायचा आणि त्याची फी सरकारने भरायची. गंमत अशी, की हा दुसरा मार्ग आपल्याच मुंबई प्रांतात पंचवीस वर्षांपूर्वी सुचवला गेला होता. १९४९ साली न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने समिती नेमली होती, गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यासाठी. समितीने राज्यापासून पार तालुक्यापर्यंत मदतीची यंत्रणा असावी असं सुचवलं. त्याच वर्षी इंग्लंडने तसा कायदा करून टाकला. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून अहवाल पडून राहिला. १९५८ साली विधी आयोगाने चौदाव्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं आणि पुन्हा तेच झालं. जर १९४९ च्या शिफारशी मानल्या असत्या, तर शहाद्याच्या कचेरीत आबांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल असतं, जिथे अंगठा उठवायच्या आधी कागद फुकट वाचून दाखवणारा माणूस बसला असता. मला सारखं ते रिकामं टेबल दिसतं.

तोपर्यंत गरिबाला काय मिळत होतं? फौजदारीत, फाशीची शक्यता असेल तर सरकारी खर्चाने वकील. दिवाणी दाव्यात 'नादार' म्हणून अर्ज केला तर कोर्ट फी माफ, पण वकील आपला आपण बघायचा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ ने सेशन्स खटल्यात ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला. मधल्या काळात नटवरलाल भगवतींचे चिरंजीव, न्यायमूर्ती पी. एन. भगवती, गुजरातेत याच विषयावरच्या समितीचे अध्यक्ष झाले, १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३९-अ आलं, ३ जानेवारी १९७७ पासून: गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये म्हणून राज्याने फुकट कायदेशीर मदत द्यावी.

आता ही ४२ वी दुरुस्ती म्हणजे आणीबाणीतली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही असा निकाल दिला होता, आणि त्या बहुमतात न्यायमूर्ती पी. एन. भगवतीही होते. पुढे फार वर्षांनी त्यांनी आपली चूक झाली असं कबूल केलं. गरिबाला वकील मिळावा म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस, आणि ऐन वेळी कोर्टाचा दरवाजाच बंद करणाऱ्यांत तोही. हे वाचल्यावर आबांवरचा माझा राग थोडा कमी झाला. माणसं अशीच असतात, अर्धी इकडे अर्धी तिकडे.

असो. तर त्याच एक-दोन वर्षांत दिल्लीत राज्यघटना म्हणत होती की गरिबाला वकील द्या, आणि शहाद्यात कायदा म्हणत होता की वकील नकोच. दोन्हींचा हेतू एकच होता. प्रत्यक्षात काय झालं ते मला पुस्तकात नाही, आबांच्या वहीत सापडलं.

वकील उभा राहू शकत नव्हता, पण कागद उभा राहू शकत होता. बागायतदाराला चौकशीची नोटीस आली की तो आबा ज्या वकिलाकडे काम करायचे त्यांच्या घरी जायचा. वकीलसाहेब तोंडी सांगायचे, आबा लिहायचे, खाली सही बागायतदाराची. तहसीलदारापुढे तो एकटाच जायचा, पण त्याच्या हातात चार पानी जबाब असायचा, मुद्देसूद, कलमांसकट. कोणती जमीन कायद्यात बसत नाही, मुदत कुठे हुकली, सुधारणांचा खर्च किती दाखवायचा, सगळं. आणि समोर उभा असलेला माणूस पावरी, भिली किंवा मावची बोलणारा. चौकशी मराठीत, कागद मराठीत. त्याच्या हातात फार तर नोटीस, आणि तीही दुसऱ्याकडून वाचून घ्यायची.

संघटनेचे कार्यकर्ते होते म्हणून पुष्कळांचे अर्ज झाले, तारखांना माणसं सोबत गेली. त्या मुलांना कोणी फी देत नव्हतं. ती नसती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. आत्या तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिला आठवतं ते असं: ओट्यावर बागायतदार खुर्चीत बसायचे, त्यांना चहा जायचा. आदिवासी खाली अंगणात उकिडवे बसायचे. त्यांनाही आबा अर्ज लिहून द्यायचे, पण बागायतदारांची कामं संपल्यावर, संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात. "त्यांचं ऐकायला वेळ लागायचा," आत्या म्हणाली. "आबांना त्यांची भाषा येत होती, पण तरी."

आणि वर? तहसीलला वकील बंद, पण हायकोर्टाला कोण अडवणार? ज्याच्याकडे पैसे तो रिट घेऊन मुंबईला जाऊ शकत होता. आपल्याकडच्या लोकांना औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ मिळालं तेसुद्धा १९८१ मध्ये. हा पूर्ण कायदा आणि त्यातलं कलम ९-अ यांना आव्हान मिळालं ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 'लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. डिसेंबर १९८४ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी निकाल दिला. कायदा टिकला. वकीलबंदीही टिकली. अटक झालेल्या माणसाला घटनेच्या कलम २२ ने वकिलाचा हक्क दिलेला आहे, तेवढा सोडला तर वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा मूलभूत हक्क कोणाला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. गेलेली जमीन गरिबाला परत देणं हाच सामाजिक न्याय आहे, हेही म्हटलं. निकाल वाचून मला बरं वाटलं, खरं सांगते. पण वकील नको हे ठरवण्यासाठी जमीनधारकांनी दिल्लीपर्यंत वकील लावले होते, हे काही डोक्यातून जाईना.

मला यातून एकच गोष्ट कळते. श्रीमंताचा वकील काढून घेणं आणि गरिबाला वकील देणं या दोन गोष्टी समान नाहीत. पहिल्यात खर्च नाही, म्हणून ती लवकर होते. पण वकील म्हणजे फक्त काळा कोट घालून बोलणारा नव्हे. कागद वाचणारा, मुदत सांगणारा, 'इथे अंगठा देऊ नको' म्हणणारा, तारखेला सोबत येणारा, असं सगळं मिळून वकील होतो. श्रीमंताचा कोट काढून घेतला तरी बाकीचं सगळं त्याच्याकडे राहतं. माझ्या आजोबांच्या रूपात राहिलं होतं. गरिबाकडे मुळात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडून काही काढून घ्यायचाही प्रश्न नव्हता.

हे मी घरात बोलले तेव्हा दादा म्हणाला, "म्हणजे आमच्या टॅक्समधून सगळ्यांचे वकील पोसायचे का?" प्रश्न चुकीचा नाही. जगभर विचारला जातो. ज्या इंग्लंडने १९४९ मध्ये कायदा केला, त्यांनीच २०१२ मध्ये कायदा बदलून २०१३ पासून बाहेरून आलेल्या लोकांच्या बहुतेक इमिग्रेशन प्रकरणांतली सरकारी मदत काढून टाकली, आश्रय मागणाऱ्यांची वगैरे सोडून. तिथेही हाच वाद होता, की परक्यांच्या वकिलांना आपण का पैसे द्यायचे. आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला तो कसाबच्या वेळी. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला म्हणून किती लोक चिडले होते आठवतंय ना? ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालात सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे आणलं जाईल तेव्हाच त्याला वकील मिळण्याचा हक्क आहे हे मॅजिस्ट्रेटने सांगायचं आणि पैसे नसतील तर वकील द्यायचा. ते कसाबसाठी नव्हतं. ते उद्या चोरीच्या संशयावरून पकडून आणलेल्या धडगावच्या एखाद्या पोरासाठी होतं.

दादाला मी आणखी एक सांगितलं. आपल्या टॅक्समधून वकील आधीपासूनच पोसले जातात. फक्त ते कोणाच्या बाजूला उभे असतात ते बघ. जंगलातून लाकूड आणलं म्हणून खटला झाला, तर सरकारी वकिलाचा पगार कोण देतो? सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. नर्मदा बचाव आंदोलनाची याचिका १९९४ पासून सर्वोच्च न्यायालयात चालली, १८ ऑक्टोबर २००० ला निकाल लागला. केंद्राचे, राज्यांचे सगळे वकील जनतेच्या पैशाने उभे होते. मणिबेलीच्या माणसाचा वकील मात्र स्वतःच्या मर्जीने, फी न घेता उभा राहिला तर उभा राहणार. जनतेचा पैसा वकिलांवर खर्च करावा का, हा प्रश्नच नाही. तो खर्च होतोच. पारड्याच्या दोन्ही बाजूंना थोडा तरी टाकायचा की एकाच बाजूला, एवढाच प्रश्न आहे. दादा गप्प बसला, पण पटलं असं नाही. बघू :)

आता कायद्याने चित्र बदललंय. १९७८ मध्ये आपल्याच राज्यातल्या हॉस्कोट प्रकरणात कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की तुरुंगातल्या गरीब माणसाला अपिलासाठी वकील देणं आणि त्याचा खर्च करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला, लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांना, नुसते ते जे आहेत तेवढ्यावर, वकिलाचा हक्क आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मजुरालाही आहे, कारण कायदा देशभराचा आहे.

हक्क आहे, पण 'फुकटचा वकील' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात हेही खरं. पॅनेलवरच्या वकिलाला फी इतकी कमी मिळते की मन लावून काम करणारा स्वतःच्या खिशाला खार लावून करतो आणि बाकीचे तारखा घेतात. २०२२ पासून फौजदारी कामासाठी पूर्णवेळ पगारी बचाव वकील नेमायची योजना आली आहे, ती मला जास्त पटते. सरकारी वकील जर पगारी असतो तर आरोपीचा का नको?

आणि एक चांगली गोष्ट. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा मानला गेला, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होऊ लागली. म्हणजे पहिलं बोलणं आपल्या गावात, आपल्या भाषेत. वकील नको म्हणायचाच असेल तर असा म्हणावा. समोरच्याचा काढून घेऊन नव्हे, तर ज्याला बोलायचंय त्याला बोलता येईल अशी जागा करून. तिथेही कागद वर गेला की पुन्हा वकील लागतोच, पण निदान सुरुवात तरी उकिडवं बसून होत नाही.

आता वहीतली शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं.

१९७६ च्या उन्हाळ्यातली एक तारीख. त्या दिवशी दोन नोंदी आहेत, एकाच सर्व्हे नंबरच्या. पहिली, जबाब लिहिला, २५ रुपये. दुसरी, त्याच जमिनीसाठी जमीन परत मिळण्याचा अर्ज लिहिला, २ रुपये. म्हणजे दिवसा बागायतदाराचा जबाब आणि संध्याकाळी आदिवासीचा अर्ज, दोन्ही आबांच्या हातचे. मी जुन्या वह्यांत मागे मागे शोधत गेले. १९६३ च्या वहीत तोच सर्व्हे नंबर सापडला. साठेखत, १० रुपये. म्हणजे जमीन गेली तो कागद आबांचा, परत मागितली तो आबांचा, आणि देऊ नका म्हणाला तोही आबांचा. त्या माणसाला आयुष्यात कायद्याशी जेवढा म्हणून संबंध आला, तो सगळा आमच्या ओट्यावरून गेला.

मी आत्याला विचारलं, दोन्ही कागद सारखेच चांगले लिहिले असतील का गं आबांनी? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक वकिलाने सांगितलेला होता. दुसरा आबांनी स्वतः लिहिला." याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, मी अजून ठरवलेलं नाही.

त्या जमिनीचं पुढे काय झालं? हल्ली सातबारा घरबसल्या दिसतो, म्हणून बसले शोधायला. पण जुने सर्व्हे नंबर जाऊन आता गट नंबर आलेत, कशाचा काय झाला ते कळत नाही. त्यासाठी जुन्या फेरफारांच्या नकला काढाव्या लागतील. पुढच्या महिन्यात शहाद्याला जाणार आहे तेव्हा कचेरीत जाईन. नकलेसाठी अर्ज द्यावा लागतो म्हणे. तो मीच लिहीन.

काकू, बापूकाका, तुमच्यापैकी कोणाला त्या वर्षांतलं आणखी काही आठवत असेल तर कळवा. आबांची बाजू असेल तर तीही सांगा. त्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं ना.